ट्रॉली पेंटिंगच्या कामावर असले की दम लागते, गावी चार दिवस राहिले की बरं वाटते. हे कामामुळे असू शकते का?

आर्वीकडची

नमस्कार. पोस्ट मोठी होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय समजणार नाही म्हणून लिहून राहिली आहे. आम्ही आर्वी तालुक्यातले, जिल्हा वर्धा. माझे मिस्टर ३४ वर्षांचे. गावापासून सात किलोमीटरवर रोडला लागून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे, तिथं ते नऊ वर्षांपासून पेंटर आहेत. ट्रॉली, पाण्याचं टँकर, कधी कोणाच्या जुन्या ट्रॅक्टरचं बोनट-मडगार्ड. आधी साधा ऑइल पेंट मारत होते तेव्हा कपड्याला थिनरचा वास यायचा एवढंच, बाकी काही नाही. अडीच वर्षांपासून मालकानं दोन डब्यांचा पेंट सुरू केला, पीयू म्हणतात त्याला, मोठ्या डब्यात रंग अन लहान डब्यात हार्डनर, चार भाग रंगात एक भाग हार्डनर मिसळून स्प्रे गनमध्ये भरतात. चमक चांगली येते, उन्हात फिका पडत नाही म्हणून गिऱ्हाईक आता तोच मागते.

वर्ष-सव्वा वर्ष काहीच झालं नाही. मग मागच्या दिवाळीच्या आसपास खोकला सुरू झाला, कोरडा. वाटलं थंडी आहे. मग रात्री दोन-तीन वाजता उठून बसायला लागले. खाटेच्या काठावर बसतात, दोन्ही हात गुडघ्यावर टेकवून, खांदे वर ओढून, अन श्वास सोडताना छातीतून शिट्टी वाजते. आमची मुलगी सहा वर्षांची आहे, ती म्हणे बाबांच्या छातीत पावा वाजते. मी उठून पाठीला बाम चोळते, गरम पाणी देते, अर्ध्या-पाऊण तासानं थोडं बरं वाटलं की बसल्या-बसल्याच झोपतात.

तालुक्याला दाखवलं. थुंकी तपासली, टीबी नाही. एक्सरे साफ. ॲलर्जीचा दमा आहे म्हणाले, निळा पंप दिला, जास्त झालं की मशीननं वाफ अन इंजेक्शन. दर वेळी तीन-चारशे रुपये जातात. काम काय करता हे कोणी विचारलं नाही अन आम्हीही सांगितलं नाही, डोक्यातच नव्हतं. बिडी-सिगारेट नाही. सुपारी-तंबाखूचा खर्रा खातात, ते लपवत नाही. घरी गॅस आहे, चूल फक्त आंघोळीच्या पाण्यासाठी, तीही बाहेर.

आता खरा प्रश्न. यंदा पोळ्याला वर्कशॉप बंद होतं, तान्हा पोळा धरून आम्ही पाच दिवस माझ्या माहेरी होतो. तिसऱ्या रात्रीपासून हे सरळ झोपले, पंप खिशातून काढलाच नाही. मला वाटलं औषध लागू पडलं. परत आल्यावर सोमवारी कामावर गेले, सोमवारी रात्री थोडा खोकला, बुधवारी परत खाटेच्या काठावर. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मे महिन्यात नणंदेच्या लग्नात आठ दिवस सुट्टी होती तेव्हाही बरे होते. अन रविवारची रात्र नेहमी बाकी रात्रींपेक्षा बरी जाते.

पण कामावर दिवसा एवढा त्रास नाही, त्रास रात्री घरीच होते. म्हणून मालक म्हणते घरचीच काहीतरी ॲलर्जी आहे, कापूस भरून ठेवता त्याची असेल. कापूस तर आमच्या घरात मी लग्न होऊन आली तेव्हापासून दरवर्षी असते.

शेड टीनाचं आहे, एका बाजूला शटर. रोडची धूळ ओल्या रंगावर बसते म्हणून पेंट मारताना शटर खाली ओढून घेतात. तोंडाला दुपट्टा बांधतात. आता दसऱ्यापर्यंत ट्रॉल्यांची घाई आहे, दिवसाला दोन-दोन होतात. काम सोडून द्या म्हणणं सोपं नाही, शेती तीन एकर कोरडवाहू, पगारावरच घर चालते. कोणाला असा अनुभव असेल तर सांगा. कोणत्या डॉक्टरला दाखवायचं अन काय सांगायचं?

कारंजा_सीटकव्हर

ताई, थो हार्डनरच हाय. हे माह्यावर गेलं हाय म्हनून सांगतो. मी अकोल्याकडं गाड्यायच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये अकरा वर्षं होतो. मले बी दिवसा काई नाई व्हायचं, घरी आलो, जेवलो, आडवा झालो का सुरू. बायको म्हने कूलरची हवा लागली. कूलर बंद केला. मग म्हने शेजारच्या गोठ्यातला धूर. तीन वर्षं आमी घरातच शोधत रायलो अन कारण होतं दुकानात.

दुपट्ट्यानं काईच थांबत नाई. धूळ अडते थोडी, बस. अन गन बंद केली का पेंटर पह्यलं काम काय करते, दुपट्टा खाली ओढते अन रंग कसा बसला म्हनून पत्र्याजवळ वाकून पायते. तेव्हाच सगळ्यात जास्त आत जाते. बारीक धुकं डोयाले दिसत नाई पन शटर खाली असलं का लय वेळ तिथंच फिरते. तुमच्या मिस्टरांले विचारा, थे असंच करत असतीन. सगळेच करतात.

वासावर जाऊ नका. जो वास येते थो थिनरचा. हार्डनरचा वास आला नाई म्हनजे थो हवेत नाई असं नसते. हात थिनरनं धुवायची सवय असते आपली, थे बी बंद करा, हार्डनर कातड्यावर बी नको.

एक काम उद्याच करा. लहान डब्यावर बारीक इंग्रजीत लिहून असते, त्याचा मोबाईलवर साफ फोटो काढून आना अन डॉक्टरले दाखवा. माह्या डॉक्टरनं थो फोटो पाह्यला तेव्हाच त्यायच्या ध्यानात आलं, त्याच्या आधी दोन वर्षं नुसती वाफ घेत होतो.

मी काम सोडलं पन उशिरा. आता सीट कव्हरचं दुकान हाय, शिलाई मशीनवर बसतो, पंप सकाळ-संध्याकाळ चालूच हाय. मागच्या महिन्यात बाजूच्या गॅरेजवाल्यानं एक दरवाजा मारला, वीस मिनिटाचं काम, मले रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. एकदा अंगानं त्याले धरलं ना ताई, का मंग थोडंसं बी पुरते. तुमचं अजून वर्षभराचंच हाय. वाट पाहू नका.

नाना_दर्यापूर

ताई, माझ्या मोठ्या भावाला तीस वर्षं दमा होता म्हणून तुमचं वाचून जीव कासावीस झाला. तो डाळ मिलमध्ये होता. तिथं रोज संध्याकाळी प्रत्येकाला गुळाचा खडा देत, गूळ खाल्ला की छातीतली धूळ निघते म्हणून. त्यानं काही वाईट होत नाही, देऊन पाहा. आमच्याकडं कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध देतात, ते त्यानं पाच वर्षं घेतलं. मृगाच्या वेळी हैदराबादला दम्यासाठी गिळायला देतात ती मासोळीही घेऊन आला होता. तुम्हाला इथून कोजागिरीचं औषध हवं असेल तर मी ठिकाण सांगतो, पैसे घेत नाहीत.

छातीरोग_नागपूर

ताई, तुम्ही जे लिहिलंय ना, पोळ्याचे पाच दिवस, लग्नाचे आठ दिवस, रविवारची रात्र, हीच सगळ्यात कामाची माहिती आहे आणि ती कुठल्याही एक्सरेत दिसत नाही. मी नागपुरात छातीरोग विभागात डॉक्टर आहे. इथून न तपासता निदान करणार नाही, पण तुमचं वर्णन कामाच्या जागेवरच्या पदार्थामुळे होणाऱ्या दम्याशी जुळतं. मोठेपणी सुरू होणाऱ्या दम्यात साधारण १५ टक्के लोकांच्या बाबतीत कामाचा हात असतो असं धरतात, तरी ओपीडीच्या गर्दीत "काम काय करता" हा प्रश्न राहून जातो, हे मी आमच्याबद्दलही मान्य करते.

दोन डब्यांच्या पीयू पेंटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट जातीची रसायनं असतात. कामातून दमा लावणाऱ्या पदार्थांमध्ये जगभर यांचं नाव वरच्या रांगेत आहे. गनमधून उडवलं की ते बारीक थेंबांच्या आणि वाफेच्या रूपात श्वासात जातं. शरीर सुरुवातीला काही बोलत नाही. महिनोन्महिने, कधी काही वर्षं, आतल्या आत त्या पदार्थाची ॲलर्जी तयार होत असते आणि मग एक दिवस श्वासनळ्या आवळायला लागतात. म्हणून तुमचं "वर्ष-सव्वा वर्ष काहीच झालं नाही" हे विरुद्ध जात नाही, उलट जुळतं.

मालक म्हणतात तो रात्रीचा मुद्दा. काही लोकांना पेंट मारताना लगेच दम लागतो, काहींना चार ते आठ तासांनी लागतो, काहींना दोन्ही वेळा. दुपारी चारला शेवटचा हात मारला असेल तर त्रास रात्री घरात सुरू होणार आणि घरच्या कापसावर नाव जाणार. हे फार ठिकाणी होतं.

आता काय करायचं. मेडिकल स्टोअरमध्ये पीक फ्लो मीटर मिळतो, श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारी प्लास्टिकची नळी आणि त्यावर सरकणारा काटा, काही शे रुपयांत येतो. उभं राहून पूर्ण श्वास भरायचा, ओठ नळीभोवती घट्ट, आणि एका झटक्यात जोरात फुंकायचं. तीनदा फुंकून त्यातला मोठा आकडा लिहायचा. दिवसातून चारदा: उठल्यावर, दुपारी कामावर, घरी आल्यावर, झोपताना. पंप घ्यायचा असेल तर आधी फुंकायचं, मग पंप. आकड्यासमोर त्या दिवशी पेंट मारला की नाही, शटर बंद होतं का, पंप किती वेळा घेतला, तेही लिहा. असं निदान दोन आठवडे कामाचे, आणि शक्य असेल तर आठ-दहा दिवस सलग सुट्टीचे. एक-दोन दिवसांच्या सुट्टीत फरक कधीकधी दिसत नाही, फुप्फुसाला सावरायला वेळ लागतो. मग ती वही, डब्याचा फोटो आणि आतापर्यंतचे कागद घेऊन छातीरोग तज्ज्ञाकडे जा. तुम्हाला सेवाग्रामचं कस्तुरबा हॉस्पिटल जवळ आहे, नाहीतर नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात या. स्पायरोमेट्री म्हणजे फुंकण्याची मोठी तपासणी करायला सांगतील.

काम आजच सोडलं तर बरंच वाटेल, पण मग हे कामामुळेच होतं हे दाखवणं अवघड होतं, आणि पुढे कागदोपत्री काही मागायचं असेल तर ते लागतं. म्हणून नोंदी कामावर असताना सुरू कराव्यात असं आम्ही सांगतो. पण हे तब्येत सांभाळता येत असेल तरच. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ-नखं निळसर दिसली, पंप घेऊनही पंधरा-वीस मिनिटांत आराम नसेल, तर वही बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. आणि असा झटका एकदा जरी आला तर त्या शेडमध्ये परत पाठवू नका.

निळा पंप फक्त आवळलेल्या नळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतो. आतली सूज उतरवायला रोज घ्यायचा वेगळा पंप असतो, तो त्यांना चालू आहे का हे विचारून घ्या. पण कितीही चांगला पंप असला तरी हार्डनर श्वासात जात राहिला तर आजार पुढे सरकतच राहतो. काम सोडल्यावरही सगळेच पूर्ण बरे होत नाहीत, साधारण तिघांतला एक पूर्ण मोकळा होतो, बाकीच्यांना कमी-जास्त औषध लागतं. जे त्रास सुरू झाल्यावर वर्षभराच्या आत दूर होतात त्यांचं चांगलं होण्याची शक्यता जास्त. तुम्ही त्याच काठावर आहात.

नाना, गुळानं नुकसान नाही पण गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, फुप्फुसात जात नाही. कोजागिरीचं औषध किंवा मासोळी ज्यांना घ्यायची त्यांनी घ्यावी, माझी हात जोडून विनंती एवढीच की त्या भरवशावर पंप बंद करू नका. पंप बंद केल्यावर अत्यवस्थ होऊन आलेले पेशंट मी पाहिलेत.

आर्वीकडची

डॉक्टर ताई, कारंज्याचे दादा, नाना, सगळ्यांचे खूप आभार. वाचून रडायला आलं, भीतीनं नाही, कोणीतरी नीट ऐकलं म्हणून. यांना वाचून दाखवलं. ते गन बंद केल्यावर दुपट्टा खाली ओढून वाकून पाहतात हे ऐकल्यावर ते गप्पच झाले, मग म्हणे हो, तसंच करतो.

डब्याचा फोटो आणला. हेक्सामिथिलीन डायआयसोसायनेट असं लिहिलं आहे, भाच्यानं वाचून सांगितलं. खाली श्वासातून गेल्यास ॲलर्जी किंवा दम्याची लक्षणं होऊ शकतात असंही लिहिलं आहे, इंग्रजीत. अडीच वर्षं तो डबा त्यांच्या हातात आहे.

सासऱ्यांनी आयसोसायनेट शब्द ऐकला अन म्हणाले हे तर भोपाळचं. तेव्हापासून घरात सगळे घाबरून आहेत. तेच आहे का हे?

छातीरोग_नागपूर

नाही. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरमध्ये सुटला तो मिथाइल आयसोसायनेट, तो लगेच उडून वायू होतो आणि एका रात्रीत हजारोंच्या फुप्फुसांना-डोळ्यांना जाळून गेला. घराणं एकच, पण हार्डनरमधला प्रकार जड आहे, आपोआप तसा उडत नाही. तो गनमुळे हवेत जातो. याचा धोका असा की तो एका रात्रीत नाही, रोज थोडा-थोडा श्वासात जाऊन ॲलर्जी लावतो. सासऱ्यांना सांगा, घरात कपड्यांवरून भोपाळसारखं काही होणार नाही. तरी कामाचे कपडे दुकानातच बदलून यावेत आणि वेगळे धुवावेत.

एन-९५ मास्कनं भागेल का असं कोणी विचारेल म्हणून आधीच सांगते. तो धुळीसाठी आहे, वाफ त्यातून जाते. हे पेंट मारणाऱ्याला बाहेरची शुद्ध हवा नळीनं आणून देणारा मास्क आणि धुकं बाहेर ओढणारा बंदिस्त बूथ लागतो. ज्याला ॲलर्जी अजून झालेली नाही त्याच्यासाठी ही गोष्ट. ज्याला एकदा झाली त्यानं मास्क लावूनही त्या कामात राहू नये.

हिंगणघाट_जिनिंग

मी जिनिंगमध्ये १७ हंगाम काढले. ताईंच्या मालकानं कापसाचं नाव घेतलं म्हणून लिहितो, कारण कापसाचा आजार मला माहीत आहे आणि तो असा नसतो. जिनिंगमध्ये रेच्यांजवळ, म्हणजे सरकी-रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांजवळ, काम करणाऱ्याची छाती सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी भरून येते. रविवार घरी काढला की सोमवारी संध्याकाळी छातीवर दगड ठेवल्यासारखं, अंगात कणकण, मग मंगळवारी कमी, शुक्रवार-शनिवारी जवळपास काहीच नाही. आम्ही त्याला सोमवारचा ताप म्हणायचो, डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. ताईंच्या मिस्टरांचं उलटं आहे, सोमवारी थोडं आणि आठवडा जाईल तसं वाढत जाणारं. आणि आमचा आजार सरकी-रुईच्या धुळीत सतत वर्षानुवर्षं राहून होतो, घराच्या कोपऱ्यात चार-सहा क्विंटल कापूस ठेवून होत नाही.

माझी मात्र शेवटच्या काही वर्षांत आठवड्यातला फरकच गेला, रोजच सारखं व्हायला लागलं. तेव्हा डॉक्टर म्हणाले आता फुप्फुसाचं जे गेलं ते गेलं. मी आता सायकलवर चढ चढत नाही, उतरून पायी नेतो. ताई, सोमवार-बुधवारचा फरक तुमच्या ध्यानात आला हे फार चांगलं केलं तुम्ही. आमच्या घरी असं कोणी लिहून ठेवलं असतं तर.

मोबाईलवाला_वणी

इथं वाचून माझी शंका विचारतो, धागा भरकटवायचा नाही. मी मोबाईल रिपेअरिंग करतो, सोल्डरिंगच्या धुराजवळ नाक असतं दिवसभर, संध्याकाळी खोकला येतो. हे पण यातच येते का?

छातीरोग_नागपूर

येऊ शकतं. सोल्डरच्या तारेत किंवा पेस्टमध्ये राळ असते, तिच्या धुरानं दमा होतो हे माहीत असलेलं कारण आहे. टेबलाला धूर बाजूला ओढणारा छोटा पंखा लावा, फुंकणारा नाही, ओढून खिडकीबाहेर टाकणारा. आणि तुम्हीही सुट्टीच्या दिवसाचा फरक पाहा. तसंच पार्लरमध्ये केस ब्लीच करायची पावडर, बेकरीत मैद्याची धूळ, लाकडाचा भुसा, या सगळ्यांमधून हा आजार होतो.

कामगार_मदत_यवतमाळ

मी कामगारांच्या अर्जांचं काम पाहतो, तेवढ्यापुरतं सांगतो. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याला जोडलेली व्यवसायजन्य रोगांची, म्हणजे कामातून होणाऱ्या रोगांची, यादी होती, तिच्या भाग ब मध्ये कामातल्या ॲलर्जी करणाऱ्या पदार्थामुळे झालेला दमा सरळ लिहिलेला होता. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही रोगांची यादी आहे. त्याच मालकाकडे सलग सहा महिने काम झालेलं असेल तर आजार कामातूनच झाला असं धरलं जाते, तसं नाही हे दाखवायची जबाबदारी मालकावर येते. ताईंच्या घरी नऊ वर्षं आहेत, त्यातली अडीच या पेंटवर. पण नऊ वर्षं काम केलं याचा पुरावा काय, ते आजच शोधा. पगार रोख मिळत असेल तर हजेरीच्या वहीचा फोटो, मालकाचे व्हॉट्सॲप मेसेज, ट्रॉलीसोबत काढलेले जुने फोटो, सगळं एका जागी ठेवा. अर्जाला मुदत असते, दोन वर्षांच्या आत करायचा असतो, म्हणून नंतर पाहू म्हणून सोडू नका.

दहा किंवा जास्त कामगार असतील अन पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय म्हणजे कामगार विमा कापला जायला पाहिजे होता, तो कापतात का विचारा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, १९८७ च्या कायद्यानं औद्योगिक कामगाराला अन कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळते, अर्ज कोर्टाच्या आवारातच होते.

आणखी एक, जुन्या कारखाना कायद्यात सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत आयसोसायनेटची विषबाधा होती. लहान वर्कशॉप अशा कायद्यात बसत नाही असं मालक सांगतीलच, पण भरपाईचा रस्ता वेगळा आहे, दोन्ही एकत्र करू नका.

मालकाशी पहिल्याच दिवशी भांडू नका असं माझं मत. बहुतेक लहान मालकाला खरंच माहीत नसते. डब्याचा फोटो त्यालाही दाखवा. तो स्वतः त्याच शेडच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसत असेल तर त्याच्याही छातीचा प्रश्न आहे.

कारंजा_सीटकव्हर

हे बरोबर बोलले. माह्या मालकाच्या पोराले बी झालं नंतर. थो गन धरतच नव्हता, नुसता बिल फाडायले बसे.

आर्वीकडची

चार आठवड्यांनी लिहून राहिली आहे, तुम्ही सगळे वाट पाहत असाल म्हणून.

मीटर वर्ध्याला मिळालं. वही केली, मुलीच्या शाळेच्या वहीचे मागचे पानं. सुरुवातीला हे कंटाळले, मग मुलगीच मागं लागायला लागली, बाबा फुंका म्हणून, आकडा तीच वाचते. कामाच्या दोन आठवड्यांचं सांगते. रविवारी सकाळी ४६०. सोमवारी रात्री ३९०. बुधवारी रात्री ३४०. दुसऱ्या आठवड्यात दोन टँकर एकाच दिवशी मारले, त्या गुरुवारी रात्री २९०, अन त्या रात्री पंप चार वेळा घेतला. मग दसऱ्याला जोडून दहा दिवस सुट्टी काढून माहेरी नेलं, पगार कापला गेला पण नेलंच. चौथ्या दिवशी ४३०, नवव्या दिवशी ४८०.

वही अन फोटो घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी वही पूर्ण वाचली, पान उलटून परत मागं गेले, अन यांना पहिला प्रश्न विचारला की शटर खाली असते का. स्पायरोमेट्री झाली. कागदावर व्यवसायजन्य दमा असं लिहून दिलं अन स्प्रे पेंटच्या जागी काम करू नये असंही. रोजचा पंप सुरू केला, चूळ भरायला सांगितली त्यानंतर.

मालकाला डब्याचा फोटो दाखवला. आधी चिडले, मग दोन दिवसांनी त्यांनी स्वतः फोन केला. आता हे वेल्डिंगवाल्या बाजूला कटिंग अन फिटिंगला आहेत, पगार दीड हजारानं कमी. पण पेंट त्याच शेडच्या दुसऱ्या टोकाला दुसरा मुलगा मारते, वीस वर्षांचा आहे, दुपट्टा बांधून. मधे फक्त ताडपत्री लावली आहे. याच्यानं भागेल का? या आठवड्यात रात्रीचे आकडे ४०० च्या आसपास आहेत, ४८० काही येत नाही.

अन अजून एक, रात्री झोप लागली असेल तर झोपताना-उठतानाच्या मधे उठवून फुंकवायचं का?

छातीरोग_नागपूर

झोपेतून उठवू नका, झोपू द्या. आपोआप जाग आली आणि दम लागत असेल तरच फुंकून लिहा.

ताडपत्रीनं भागणार नाही आणि ते तुमचे आकडेच सांगतायत, ४८० वरून ४०० म्हणजे तिकडचं इकडे येतंय. पेंट शेडच्या पूर्ण बाहेर, वेगळ्या जागी जायला हवा, किंवा हे तरी. निदान मारायच्या वेळी आणि नंतर तासभर यांनी त्या छताखाली असू नये, आणि हीसुद्धा तात्पुरतीच सोय. वेल्डिंगच्या धुराचंही पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून घ्या. २४० च्या खाली आकडा गेला तर थांबायचं नाही, दवाखाना.

त्या वीस वर्षांच्या मुलाला किती दिवस झाले पेंटवर?

आर्वीकडची

सतरा दिवस. काल हेच घरी घेऊन आले त्याला, जेवायला. डब्याचा फोटो त्याच्याही मोबाईलवर टाकला, अन मुलीनं त्याला आमच्या मीटरवर फुंकायला लावलं, नळी धुवून. ५६० आला. वहीत त्याचं वेगळं पान केलं आहे.